तिबेटी विधिसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद : सहसादरीकरणाचा एक विचार

प्रस्तावना

१९५९ नंतर भारतात आश्रयाला आलेल्या तिबेटी भिक्षूंनी आपले मठ येथे नव्याने उभारले. कर्नाटकातील मुंडगोड येथे १९६९ मध्ये पुनःस्थापित झालेला द्रेपुंग लोसेलिंग आणि आज हिमाचल प्रदेशात असलेला ग्युतो हे त्यांपैकी दोन प्रमुख मठ होत. १९८० च्या दशकापासून या मठांतील भिक्षूंनी आपला मंत्रघोष आणि 'छम' हे मुखवटा नृत्य युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर नेले. पाश्चात्त्य अभिजात परंपरेतील संगीतकारांशी त्यांची गाठ पडली. या भेटीचे वर्णन सहसा 'दोन संस्कृतींचा संवाद' असे केले जाते. परंतु एकाच मंचावर बसणे म्हणजे संवाद होय काय? सहसादरीकरणात काळाचे सूत्र कोणाच्या हाती राहते, या निकषावर त्याचे मूल्यमापन करावे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

विधिसंगीतातील काळ

मठातील विधीचे नेतृत्व 'उम्झे' हा प्रमुख गायक करतो. 'यांग' या गायनप्रकारात एकेक अक्षर दीर्घकाळ ताणले जाते. त्याची स्वरलिपी सुटे स्वर नोंदवीत नाही. आवाजाचा चढउतार व पोत ती वक्ररेषांनी दाखविते. 'रोलमो' या झांजांचे ठोके आरंभी विरळ असतात, मग क्रमाने जवळ येत एकमेकांत मिसळून जातात. आपल्या तालासारखे आवर्तन येथे नाही, पाश्चात्त्य संगीतातील समान मात्रांचे विभागही नाहीत. हे संगीत देवतेला केलेले अर्पण आहे. श्रोता असला काय, नसला काय, विधीला त्याने उणेपणा येत नाही. छम नृत्यातही नर्तक भिक्षू देवतेचे ध्यान करीतच पावले टाकतो. मठात दिवसभर वा त्याहून अधिक काळ चालणारे हे नृत्य रंगमंचावर काही मिनिटांचे होते, तेव्हा केवळ लांबी घटत नाही, तर त्याचा हेतूही बदलतो.

स्वयंभू गंधाराचा प्रश्न

ग्युतो भिक्षूंच्या गायनाकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष वेधले ते हस्टन स्मिथ यांच्या १९६४ मधील ध्वनिमुद्रणामुळे. १९६७ मध्ये त्याचे ध्वनिशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध झाले. अतिशय खालच्या पट्टीतील मूळ स्वराबरोबर त्याच्या पाचपट कंपनसंख्येचा स्वर त्याच कंठातून ठळकपणे उमटतो, असे त्यातून दिसले. मराठी वाचकाला ही गोष्ट अपरिचित नाही. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. पियानोच्या समविभाजित सप्तकातील गंधारापेक्षा हा गंधार सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका, उतरलेला असतो. व्हायोलिनसारखी वाद्ये त्याच्याशी जुळवून घेऊ शकतात. पियानो वादन चालू असताना जुळवून घेऊ शकत नाही. शिवाय पाश्चात्त्य कानाला या घोषात तयार स्वरमेळाचा पाया ऐकू येतो आणि मंत्राला 'आधारस्वर' म्हणून वापरण्याचा मोह होतो. सहसादरीकरणातील विषमता येथूनच सुरू होते.

दोन वाटा

फिलिप ग्लास यांनी 'कुंदुन' (१९९७) या मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटाच्या संगीतात तिबेटी शिंगे, झांजा आणि ग्युतो भिक्षूंचा मंत्रघोष योजला आहे. परिणाम गंभीर आणि प्रभावी आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि ग्लास यांच्या पुनरावृत्त स्वररचनेची नियमित गतीच येथे काळ ठरविते. मंत्र तिच्या तळाशी रंग म्हणून राहतो. चित्रपटाच्या गरजेत हे क्षम्य आहे, परंतु याला संवाद म्हणता येणार नाही.

जोनाथन हार्वी यांची 'बॉडी मंडल' (२००६) ही वाद्यवृंदरचना वेगळ्या वाटेने जाते. उत्तर भारतातील तिबेटी मठांत पाहिलेले शुद्धीविधी तिच्या मुळाशी आहेत. येथे मंचावर एकही भिक्षू नाही. 'दुंगचेन' या दीर्घ शिंगांचा गर्जनास्वर, 'ग्यालिंग' या सनईसदृश वाद्याची तीक्ष्णता आणि झांजांची ती वाढती गती यांना पाश्चात्त्य वाद्येच सामोरी जातात. परक्या काळाला वाद्यवृंदाने स्वतः वाकून दिलेले हे उत्तर कलादृष्ट्या अधिक प्रामाणिक वाटते.

एक आक्षेप

येथे एक आक्षेप संभवतो. हार्वींच्या मार्गात भिक्षूंची उपस्थितीच संपते आणि मठाला त्यातून काहीही मिळत नाही. ग्लास यांच्या मार्गात ते निदान दिसतात, ऐकू येतात. हा आक्षेप बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीय नाही. निर्वासित मठांच्या निर्वाहाला आणि परंपरेच्या जतनाला या दौऱ्यांचा आधार मिळाला आहे. ग्लास हे स्वतः १९८७ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या तिबेट हाउसचे एक संस्थापक होत. त्या संस्थेच्या कार्नेगी हॉलमधील मैफलींचा आरंभ भिक्षूंच्या मंत्रघोषाने करण्याची प्रथा आहे. तेथे मंत्र प्रथम स्वतःच्या काळात उभा राहतो, इतर संगीत त्यानंतर येते. शुद्धतेच्या आग्रहापायी मंचच नाकारणे म्हणजे ज्यांचे घर गेले त्यांना दारही बंद करणे होय.

समारोप

तेव्हा प्रश्न मंच असावा की नसावा, हा नाही. मंदिरातील कीर्तन सभागृहात आले तेव्हा आपल्याकडेही हाच पेच निर्माण झाला. कीर्तनकाराला घड्याळ दाखवले की पूर्वरंग आटोपता घ्यावा लागतो, हे आपण जाणतो. तिबेटी विधीचा निवडलेला अंश अखंड सादर व्हावा, त्या अवधीत वाद्यवृंदाने एकतर मौन पाळावे किंवा उम्झेच्या झांजांमागून जावे, आणि विधीचे नाव व प्रयोजन श्रोत्यांना आधी सांगितले जावे, एवढी किमान अपेक्षा ठेवता येईल. वाद्यवृंदाच्या संचालकाने काही काळ हात खाली ठेवणे हे सोपे नाही. परंतु संवादाची खरी सुरुवात तेथेच होईल, असे वाटते.