वैद्याचे बोलणे आणि वैद्याचे मौन

बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ल्याच्या छायेत वावरणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांस, गोव्यात १५६३ साली छापलेल्या एका पोर्तुगीज वैद्यकग्रंथाचे अगत्य ते काय? गार्सिया द ओर्ता यांचे ‘कोलोकियुश’, म्हणजे भारतातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद, क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचू लागलो आणि दख्खनच्या सुलतानांच्या यादीत आपल्या वऱ्हाडचा इमादशहा भेटला. मग पुस्तक खाली ठेववेना.

ओर्ता यांचे आईवडील स्पेनमधील यहुदी. १४९२ च्या हद्दपारीत ते पोर्तुगालात आले आणि १४९७ मध्ये तेथील यहुद्यांवर बाप्तिस्मा लादला गेला. मुलाने सालामांका व अल्काला येथे वैद्यक शिकून १५३४ मध्ये गोवा गाठले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते.

ग्रंथाची मांडणी मोठी चतुर आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो हा कल्पित वैद्य ग्रीक व अरबी ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतात. स्पेनमध्ये असतो तर गालेनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही ते देतात. पटकीवरील प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटते. मंदावलेली नाडी, थंड त्वचा, न शमणारी तहान, खोल गेलेले डोळे, पायांतील वांब : रोगी जणू समोर निजला आहे! पोर्तुगिजांचा ‘मोर्देशी’ हा शब्द आपल्या ‘मोडशी’चाच अपभ्रंश, हे वाचताना मराठी माणसास गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

उणिवाही आहेत. रुआनो फार लवकर मान डोलावतो; त्यामुळे वादाची धार बोथट होते. अंतोनिया ही दासी हाक मारताच वस्तू आणून देते, पण तिच्या मनाचा ठाव लेखक घेत नाही.

परंतु खरे मौन लेखकाच्या स्वतःविषयी आहे. झाडपाल्याच्या जन्मस्थानाची बारकाईने चौकशी करणारा हा माणूस आपल्या घराण्याविषयी चकार शब्द काढत नाही. कारण उघड आहे. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय सुरू झाले होते आणि ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच धर्मन्यायाधीशाच्या अनुज्ञेचा उल्लेख आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ता यांच्या अस्थीही उकरून जाळल्या गेल्या.

हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण ही कृत्ये आपल्याच पवित्र क्रूसाच्या नावाने झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी सत्याच्या सेवेत हिंसा वापरल्याच्या पापांबद्दल आणि यहुदी लोकांविरुद्धच्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. अशा पुस्तकाचे वाचन हा त्या पश्चात्तापाचाच एक भाग होय, असे आम्ही मानतो.

आज पणजीतील नगर उद्यानास ओर्ता यांचे नाव आहे. ज्याच्या अस्थींनाही भूमी लाभली नाही, त्याच्या नावाची सावली तरी गोव्याच्या मातीवर पडते. त्यांच्या ग्रंथाची थोरवी मात्र याहून मोठी आहे : परक्या देशाचे शब्द, फळे आणि वेदना त्यांनी आदराने ऐकल्या. जे त्यांना बोलता आले नाही, तेही आता आपण ऐकले पाहिजे.