'एक डॉक्टर की मौत' : वगळलेल्या गर्भाची गोष्ट

खरी घटना गोष्टीत येते आणि गोष्ट पडद्यावर जाते, तेव्हा प्रत्येक वेशीवर तिला थोडी जकात द्यावी लागते. आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत नांदतो, त्यामुळे हे आपल्याला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. एखादी म्हण गळते, एखादा विनोद गळतो, एखाद्या नात्याचे नाव बदलते. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नसतो. पण जकातीत मूळ ऐवजच जमा झाला, तर नाक्यावर थांबून चौकशी करणे हे समीक्षकाचे काम आहे. तपन सिन्हा यांच्या 'एक डॉक्टर की मौत' या १९९० सालच्या हिंदी चित्रपटाबाबत मला ती चौकशी करायची आहे.

चित्रपट चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याला त्या वर्षीचा दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिन्हांना दिग्दर्शनाचा मिळाला आणि पंकज कपूर यांच्या अभिनयाची परीक्षकांनी खास दखल घेतली. डॉ. दीपांकर रॉय हा सरकारी नोकरीतला साधा डॉक्टर घरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपून कुष्ठरोगावरची लस शोधतो. बातमी फुटते, वरिष्ठांचा पोटशूळ उठतो, त्याची जाहीर मानहानी होते, परदेशातून आलेले पत्र दडपले जाते आणि त्याची दूर खेड्यात बदली होते. शेवटी तीच लस दोन अमेरिकन डॉक्टरांच्या नावावर लागते. पत्नीच्या भूमिकेत शबाना आझमी आहेत आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या पत्रकाराच्या भूमिकेत तेव्हाचे तरुण इरफान खान. सरकारी नोकरी केलेल्या कुणाही माणसाला त्यातली कार्यालये आणि तिथली मुद्दाम लांबवलेली शांतता ओळखीची वाटेल.

चित्रपटाची प्रेरणा मात्र कुष्ठरोगाच्या लशीची नाही. ती कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची आहे. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्यात एक मुलगी जन्मली. तिला 'दुर्गा' म्हटले गेले. मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांच्या मदतीने स्त्रीबीज शरीराबाहेर फलित केले होते. इतके इंग्लंडमध्येही झाले होते. पण इथे तो आठ पेशींचा गर्भ लगेच आईच्या उदरात न ठेवता ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मग ठेवला. हे जगात कुठेच झालेले नव्हते.

गोठवणे म्हणजे काय, हे नीट कळल्याशिवाय या माणसाची उंची कळणार नाही. पेशी पाण्याने भरलेली असते. ती नुसती थंड केली, तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे अणकुचीदार स्फटिक पेशीला आतून फाडतात. म्हणून आधी पेशीतले पाणी कमी करून तिथे बर्फ होऊ न देणारे द्रव्य शिरवावे लागते. मुखोपाध्याय यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड हे रसायन वापरले. स्त्रीबीज ही एकच मोठी, नाजूक पेशी असते, ती दगावली की सारे संपले. गर्भाच्या मात्र दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी झालेल्या असतात, एखादी गेली तरी बाकीच्या सावरू शकतात. म्हणूनच गोठवलेल्या गर्भापासून मूल आधी झाले आणि गोठवलेल्या स्त्रीबीजापासून नंतर. ऑस्ट्रेलियात पहिले १९८४ मध्ये साधले, दुसरे १९८६ मध्ये. आज पेशी इतक्या वेगाने थंड करतात की बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, आतला द्रव काचेसारखा थिजतो. मग ती उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. आपल्या शेतकऱ्यांना हा नायट्रोजन नवा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गुरांच्या दवाखान्यातून जो जाडजूड डबा गावात येतो, त्यात तोच असतो.

मुखोपाध्याय यांनी हा खटाटोप का केला, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात तयार झालेले एकच बीज घेतले होते. यांनी संप्रेरके देऊन एकाच वेळी अनेक बीजे मिळवली. पण संप्रेरकांच्या त्या माऱ्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजायला नेहमी अनुकूल नसते. म्हणून गर्भ गोठवून ठेवायचा आणि पुढच्या एखाद्या शांत चक्रात ठेवायचा, असा त्यांचा विचार. आज जगभरच्या दवाखान्यांत हेच सर्रास केले जाते. १९७८ साली मात्र पश्चिम बंगाल सरकारने एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते आणि समितीने दावा बनावट ठरवला. जपानला जाऊन संशोधन मांडायची परवानगी मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. त्याच वर्षी त्यांनी आत्महत्या केली.

आता मूळ प्रश्न. गर्भाच्या जागी लस का आली? चित्रपटाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील आणि त्या प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. एक, १९९० मध्ये समितीचा निष्कर्ष अधिकृतपणे तसाच होता. ज्याचा दावा सरकारदरबारी खोटा ठरला आहे, त्याला नायक करायचे तर आड घ्यावी लागते. दोन, कुष्ठरोगालाही समाजाने कमी छळलेले नाही, तेव्हा लस हा काही उथळ पर्याय नव्हे. हे मान्य करूनही माझे म्हणणे असे की, या बदलाने शोकांतिकेचा गाभा निसटला. लशीचा पुरावा प्रयोगशाळेत असतो, वहीत असतो, आकड्यांत असतो. तो दाबायला मत्सरी वरिष्ठ पुरतात. मुखोपाध्याय यांचा पुरावा एक जिवंत मुलगी होती, त्याच शहरात वाढणारी. ती आणि तिची आई पुढे येऊन उभी राहिली असती, तर निदान प्रश्न विचारणाऱ्यांना इतक्या सहज हसता आले नसते. पण लोक मुलीकडे कसे पाहतील या धास्तीने घरच्यांनी प्रसिद्धी टाळली. आईबापांना दोष देण्याची माझी छाती नाही. तो काळ आठवावा, आणि आपापली घरेही आठवावीत.

म्हणजे खऱ्या कथेत खलनायक केवळ कचेरीत बसलेला नव्हता. तो मुलगी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांत होता, हळदीकुंकवाच्या कुजबुजीत होता. मराठीत 'वांझ' म्हणतात, शेजारच्या कन्नडमध्ये 'बंजे'. दोन्ही शब्द बाईच्याच अंगावर फेकले जातात. पुरुषाच्या वाट्याला 'निपुत्रिक' हा पोथीतला, सौम्य शब्द येतो. लशीची कथा सांगितल्याबरोबर हा सगळा भाग आपोआप मिटतो. प्रेक्षक नोकरशाहीला शिव्या देत घरी जातो, स्वतःकडे वळून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. चित्रपट रमापद चौधुरी यांच्या 'अभिमन्यू' या बंगाली कथेवर आधारलेला आहे. अभिमन्यू म्हटले की आपल्याला चक्रव्यूह आठवतो, आणि चक्रव्यूहात शिरण्याची विद्या तो आईच्या गर्भातच शिकला, हेही आठवते. त्या नावात माणसांनी घेरलेला वीर आहे आणि गर्भही आहे. चित्रपटाने नाव बदलले आणि गर्भाची ती शेवटची खूणही पुसली गेली. उरला तो फक्त डॉक्टर आणि त्याची 'मौत'. तीही खरी नव्हे, कारण पडद्यावरचा डॉक्टर शेवटी परदेशचे निमंत्रण स्वीकारून मानवतेच्या कामासाठी निघतो. ज्याच्यावरून तो बेतला, त्याच्या वाट्याला हे आले नाही.

आमच्या शाळेत विज्ञान दिनाला मी हा चित्रपट नववी-दहावीच्या मुलांना दाखवला. मुले भारावली. एका मुलीने उठून विचारले, "सर, खऱ्या डॉक्टरांनी कशाचा शोध लावला होता?" मी सांगू लागलो तसे शिक्षकांच्या रांगेत खाकरणे सुरू झाले. मी थांबलो नाही. मुलांनी मात्र जराही न लाजता ऐकले आणि प्रश्नही नेमके विचारले. लाज मोठ्यांच्या बाकावर बसली होती.

याच समाजाचे दुसरे रूप पाहा. २०१९ च्या जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेसच्या व्यासपीठावरून एका कुलगुरूंनी कौरव हे टेस्ट ट्यूब तंत्राने जन्मले असे सांगितले. गांधारीच्या मांसगोळ्यावर व्यासांनी थंड पाणी शिंपडायला लावले आणि त्याचे भाग तुपाच्या कुंभांत ठेवले, ही कथा आदिपर्वात आहे आणि कथा म्हणून ती अप्रतिम आहे. पण महाभारतातल्या कुंभांचा अभिमान मिरवायचा आणि ज्याने हे काम आपल्या काळात खरोखर करून दाखवले त्याला खोटारडा ठरवायचे, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

मग या विषयावर कलाकृती होऊच शकत नाही का? होऊ शकते. समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय!' (२०११) हा मराठी चित्रपट भाडोत्री मातृत्वाविषयी आहे. त्यातली खेड्यातली यशोदा परक्या बीजाचे मूल पोटात वाढवते आणि मग छातीशी धरते. अश्रूंचा मारा जास्त आहे, तरी कथेच्या मध्यभागी बाई आहे, तिचे पोट आहे आणि भोवतालची जीभही आहे. ही कथा पुढे तेलुगूत गेली, 'मिमी' (२०२१) होऊन हिंदीतही गेली. वेश ओलांडताना तिचा मूळ ऐवज शाबूत राहिला. तंत्राच्या दृष्टीने सिन्हांचा चित्रपट कितीतरी सरस आहे, पण धैर्याचे माप लावले तर पारडे पोरे यांच्याकडे झुकते.

मुखोपाध्याय यांच्या कथेचा उत्तरार्ध तर कोणत्याही पटकथाकाराला मोह पडावा असा आहे, आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जुळतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेले बाळ भारतातले पहिले मानले गेले. अकरा वर्षांनी आनंदकुमार यांच्या हाती मुखोपाध्याय यांचे कागद आले. त्यांनी ते तपासले आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले की पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून मृत सहकर्म्याच्या डोक्यावर ठेवणारा माणूस आपल्या विद्यापीठीय जगात किती वेळा दिसतो? २००३ मध्ये 'दुर्गा', म्हणजे कनुप्रिया अगरवाल, पंचविसाव्या वाढदिवशी स्वतःच्या नावाने लोकांसमोर आल्या. पुरावा बोलू लागला. ज्याच्यासाठी बोलायचे तो मात्र उरला नव्हता.

आज या विषयाला कायदा आहे. २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार गर्भ दहा वर्षांपर्यंत साठवता येतो. शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुली स्त्रीबीज गोठवण्याची चौकशी करतात. कर्करोगाच्या उपचाराआधी डॉक्टर तसा सल्ला देतात. तरीही आमच्याकडच्या लेकी-सुना उपचाराला जातात त्या देवदर्शनाचे निमित्त सांगून. म्हणूनच मला वाटते, ही गोष्ट पुन्हा लिहिली जावी, यंदा लशीची आड न घेता. तिच्यात डॉक्टर असावा, समिती असावी, आनंदकुमार असावेत. पण सुरुवात त्या बाईपासून व्हावी, जिने गर्भ ५३ दिवस बर्फात असताना कुणालाही न सांगता वाट पाहिली. ती लिहिणारा हात मराठीच असावा असा माझा हट्ट नाही. कन्नडमध्ये लिहिली गेली, तरी आपण ती वाचूच.