खर्चाची बाजू

महाडच्या वाचनालयातून मी प्रवासवर्णनं आणतो ती वाचायला नव्हे, तपासायला. वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला जमेची बाजू दिसली की खर्चाची आठवते. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'पासून (१९४०) मराठी प्रवासवर्णनाने नवं वळण घेतलं म्हणतात. मान्य. पण त्या वळणावरून पुढे जी रांग गेली, तिच्यातल्या बऱ्याच जणांना व्हेनिसचा चंद्र दिसतो, नावाड्याने घेतलेलं भाडं दिसत नाही.

आता त्याच युरोपची दोन महायुद्धांमधली खातेवही उघडा. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी जर्मन मार्क पडत होते. (तिथल्या कॅशियरने संध्याकाळी कॅश कशी जुळवली असेल, देव जाणे!) १९३३ साली हिटलरने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या जर्मन माणसावर हजार मार्कांची पट्टी बसवली, आणि पाहुण्यांवर जगणारी तिथली गावं हवालदिल झाली. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि रेल्वेभाड्यात ४० टक्के सूट मिळाली. अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. समुद्र होताच हो, तिकीट नव्हतं!

या बाबतीत आमच्याच जिल्ह्यातले एक भिक्षुक सगळ्यांना भारी आहेत. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, कारण घरावर कर्ज होतं. नेमके बंडात सापडले. १९०७ साली छापल्या गेलेल्या 'माझा प्रवास'मध्ये आपण पैशासाठी निघालो हे सांगायला ते लाजत नाहीत, आणि लुटले गेलो हेही लपवत नाहीत. म्हणूनच त्यांनी पाहिलेल्या झाशीवर माझा विश्वास बसतो.

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मग आपली महाबळेश्वरची ट्रिप लिहा की! पोलादपूरवरून एसटीने गेलो होतो ती."

मी हिशेबाची वही काढली. एसटी, खोली, चहा, चणे, सगळं पैशापैशाने जुळत होतं. फक्त वेण्णा तलावावरचा घोडा कुठे नव्हता. पोरगा हट्ट धरून बसला होता, आणि मी त्याला सांगितलं होतं, "आज घोड्याला बरं नाही."

"तेही लिहा हं," बायको म्हणाली.

तेव्हापासून इतरांच्या प्रवासवर्णनांवर मी जरा जपूनच टीका करतो.