लिपिड रिपोर्टमधलं ‘नॉर्मल’

आता रिपोर्टच्या उजवीकडच्या रकान्याकडे येऊ. अपो-बीचा आकडा आणि शेजारी रेंज. आपला आकडा रेंजमध्ये बसला की आपण कागदाची घडी घालून मोकळे होतो. आमचा आक्षेप या घडी घालण्यावर आहे.

ही रेंज ठरते कशी? निरोगी माणसं निवडायची, निदान 120. रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमानं लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे. उरलेले 95 टक्के म्हणजे रेंज. सोडियमला हे चालतं, कारण शरीरच सोडियमला फारसं हलू देत नाही. अपो-बीचं तसं नाही. एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो. म्हणजे अपो-बी मोजताना आपण धमनीच्या भिंतीत शिरू शकणारे कण मोजत असतो. ज्या समाजात सगळ्यांच्याच रक्तात हे कण जास्त, तिथे मधले 95 टक्केही जास्तच निघणार. आणि निरोगी कोण? ज्याच्या छातीत अजून दुखलं नाही तो! धमनीत थर साचायला कित्येक वर्षं आधीच सुरुवात झालेली असते.

ग्रेसबेक आणि सारिस या फिनलंडच्या संशोधकांनी 1969 मध्ये ‘नॉर्मल’ऐवजी ‘रेफरन्स’ हा शब्द पुढे आणला. आपण मात्र अजून विचारतो, “डॉक्टर, नॉर्मल आहे ना?”

काम वाईट झालं असं नाही हं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दुसऱ्या पिढीच्या पाहणीवरून 1996 मध्ये अपो-बीच्या रेंज प्रसिद्ध झाल्या. मोजमाप आंतरराष्ट्रीय प्रमाण-नमुन्याशी जुळवलेलं, चोख. पण माणसं बहुतेक गोरी, एकाच गावाशी जोडलेली. त्या रेंज त्यांच्या आहेत, एवढंच.

लिपोप्रोटीन-ए तर आणखी अवघड. त्याच्या रेणूचा आकारच माणसागणिक बदलतो, त्यामुळे मिलिग्रॅमचे नॅनोमोल करायला एक ठरावीक गुणक नाही. तरी लोक गुणाकार करतातच.

युरोपच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी वेगळी वाट धरली. अपो-बीसाठी लक्ष्य धोक्यानुसार: अति जास्त धोका असेल तर 65 च्या खाली, जास्त असेल तर 80, मध्यम असेल तर 100. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा अपो-बी 95 आला आणि रिपोर्टनं तो रेंजमध्ये दाखवला, तर तो रकाना त्याला फसवतो. रेंज कोणाच्या रक्तावरून काढली आणि लक्ष्य कोणासाठी किती, या दोन ओळी प्रयोगशाळांनी तिथेच छापाव्यात, एवढी आमची मागणी आहे. कागदावर जागा भरपूर असते.