लेन्सवरची ओळ

कॅननने २०१२ साली आणलेल्या एका लेन्सवर काचेभोवती बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: १८-१३५ मिमी, १:३.५-५.६, आयएस. विकणारा ती ओळ घाईघाईने म्हणून टाकतो आणि घेणाऱ्याचं लक्ष किमतीकडे असतं. प्रवासासाठी एकच, परवडणारी लेन्स हवी असेल तर मात्र ही ओळ सावकाश वाचायला हवी. वाचायला चंडीगड उत्तम, कारण सरळ रेषांची इतकी कडक परीक्षा घेणारी शहरं आपल्याकडे थोडी.

सुरुवात १८ पासून. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचं सचिवालय २५४ मीटर लांब. दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या आडव्याउभ्या पट्ट्यांची जाळी. १८ वर ती सगळी इमारत चौकटीत बसते खरी, पण कडेच्या रेषा पिंपासारख्या फुगतात. समुद्रकिनारी किंवा गडावर हा दोष कुणाच्या ध्यानातही येत नाही. इथे लगेच उघडा पडतो. लेन्स थोडी पुढे, २४ च्या आसपास फिरवली की बाक बराच ओसरतो. उरलेला सॉफ्टवेअर काढतं. म्हणजे १८ हा आकडा अडीअडचणीला वापरायचा. ती अडचण रॉक गार्डनमध्ये येते. नेकचंद यांनी चोरून रचलेल्या आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या बागेतल्या वाटा इतक्या अरुंद आहेत की मागे सरकायला जागाच नसते. तिथे १८ शिवाय गत्यंतर नाही.

आता १३५. एकाच फोकल लांबीच्या लेन्सचे भक्त सांगतात, झूम कशाला, चार पावलं पुढे जा. कॅपिटॉल संकुलात हा सल्ला निकामी ठरतो. तिथे गटाने, मार्गदर्शकासोबत फिरायचं. पाय आपले असले तरी वाट त्यांची. २६ मीटर उंचीचा, वाऱ्याबरोबर फिरणारा ‘उघडा हात’ दुरून टिपायचा तर १३५ लागतोच. शिवाय या टोकाला दुरून पाहिलं की विधानसभा आणि तिच्यामागचे शिवालिकचे डोंगर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. मला या ओळीतला हाच आकडा सर्वांत आवडतो.

ल्युसिएन एर्वे हा कॉर्बुझिएचा छायाचित्रकार. १९५५ आणि १९६१ मध्ये तो इथे आला. हातात रोलायफ्लेक्स, म्हणजे न बदलता येणारी एकच लेन्स. तिचा आवाका आपल्या लेन्सवर २५ ते ३० च्या दरम्यान कुठेतरी येईल. तरीही त्याच्या चित्रांत प्रचंड काळ्या सावल्या, तिरक्या कडा आणि एवढासा माणूस भिडतो, कारण प्रिंट हातात आल्यावर तो कात्री चालवायचा. अनावश्यक आकाश, अनावश्यक भिंत, सगळं कापून टाकायचा. त्याचा झूम कात्रीत होता म्हणायला हरकत नाही. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातही तशी कात्री आहेच, फक्त ती वापरायचा धीर होत नाही.

३.५-५.६ हा ओळीतला कच्चा दुवा. झूम वाढवत गेलो की अ‍ॅपर्चर लहान होत जातं आणि १३५ वर ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही. चंडीगडच्या उन्हात आपण नाहीतरी ८ वरच असतो, तेव्हा काही बिघडत नाही. सेक्टर १० मधल्या संग्रहालयाच्या आत मात्र ही काटकसर जाणवते. ‘आयएस’ हात थरथरला तर सांभाळून घेतं. समोरचा माणूस हलला तर त्याचा उपयोग नाही.

एक गुण या ओळीत लिहिलेलाच नाही. ही लेन्स ३९ सेंटिमीटरवरूनही फोकस करते. १३५ वर तेवढ्या जवळ गेलं की जेमतेम ८ सेंटिमीटर रुंदीची जागा चौकटभर पसरते. नेकचंद यांच्या पुतळ्यांवरचे बांगड्यांचे तुकडे टिपायला वेगळी मॅक्रो लेन्स नको.

तेव्हा, १८-५५ आधीच घरात असेल तर तीच घेऊन निघा. एर्वेचा आवाका तिच्यात येतो. नवी घ्यायचीच असेल तर १८-१३५, तीही वापरलेली. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेली असेल तर पैसे देण्याआधी आत टॉर्च मारून बुरशी आहे का ते बघा.