प्लाझ्मा पेशी दिसल्या, पण अँटिबॉडी कुठली?

संशोधनाकडे वळणार असाल तर १९५५ चा एक पेपर मुळातूनच वाचा: कून्स, लेडक आणि कॉनली यांचा, 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मधला. प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात असं अॅस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८ मध्ये मांडलं होतं. पण ठराविक अँटिबॉडी पेशीच्या आत डोळ्यांना दाखवायची कशी?

युक्ती सँडविचसारखी आहे. सशाला एखादं अँटिजेन पुन्हा पुन्हा टोचायचं. मग त्याच्या उतीच्या गोठवून कापलेल्या पातळ छेदावर तेच अँटिजेन सोडायचं. पेशीत त्याविरुद्धची अँटिबॉडी असेल तर ते तिथे अडकतं, उरलेलं धुऊन जातं. वरून त्या अँटिजेनला चिकटणारी, फ्लोरेसीन जोडलेली अँटिबॉडी द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली चमकते ती आपली पेशी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते कंट्रोल, अगदी आयतं मिळतं: मधली अँटिजेनची पायरी गाळा. तरीही चमक राहिली, तर रंग दुसरंच काहीतरी पकडतोय.

उणीव आहेच. छेदातली पेशी मेलेली असते. अँटिबॉडी आत सापडली म्हणजे तिथेच बनली, असं त्यावरून म्हणता येत नाही; ती बाहेरून आलेली असू शकते. नोसल आणि लेडरबर्ग यांनी १९५८ मध्ये एकेक जिवंत पेशी थेंबात वेगळी ठेवून पाहिली, ती म्हणूनच महत्त्वाची.

माझी खरी तक्रार मात्र आजच्या लेखांबद्दल आहे. गर्भाशयाच्या अस्तरातला जुनाट दाह शोधताना सीडी१३८ चं स्टेनिंग करतात आणि तपकिरी पेशी मोजतात. हे प्रथिन, म्हणजे सिंडेकन-१, तिथल्या ग्रंथींच्या एपिथेलियल पेशींवरही असतं! म्हणून स्ट्रोमामधलीच पेशी मोजायची, तिचा आकार आणि केंद्रकही बघायचं. शिवाय किती पेशी म्हणजे दाह, हा आकडा लेखागणिक बदलतो. कुणाला एक पुरते, कुणाला दहा फील्डमध्ये पाच लागतात. त्याच आकड्यावरून एखाद्या बाईला डॉक्सिसायक्लिन सुरू होतं. आणि त्या पेशी कशाविरुद्ध अँटिबॉडी बनवतायत, हे सीडी१३८ सांगतच नाही. तो प्रश्न १९५५ च्या पेपरने थेट विचारला होता.

तेव्हा असा लेख हातात आला की निष्कर्षाआधी मेथड्स उघडा: किती छेद, किती फील्ड, मोजणाऱ्याला पेशंटची माहिती होती का, आणि निगेटिव्ह कंट्रोलचा फोटो दिलाय का.