इरकलीचा सांधा

दिवाळीच्या खरेदीत लुगड्याची पारख करताना बायका आधी पदर उलगडतात, मग काठ पाहतात आणि शेवटी बोटांनी पोत चाचपतात. रीत चांगली आहे. पण इरकली लुगड्याची खरी परीक्षा अंग आणि पदर जिथे मिळतात त्या रेषेवर होते, आणि नेमके तिथेच आपले लक्ष जात नाही.

इरकल, म्हणजे कन्नड मुलखातले इळकल, १९५६ पर्यंत विजापूर जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यात होते; आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. सीमा हलल्या तरी हे लुगडे आपल्या घरांना परके झाले नाही. इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डच्या खणाची चोळी ही जोडी मराठी बाईने कधी मोडली नाही.

त्याचे अंग सुती, काठ आणि पदर रेशमी. राबणाऱ्या बाईला घाम टिपणारे, धुण्याला टिकणारे सूत हवे. चारचौघांत खांद्यावर दिसतो तेवढ्या भागाला रेशमाची तकाकी पुरे. याला कोणी काटकसर म्हणेल. मी याला जाण म्हणतो.

मात्र ही जाण मागावर उतरवणे सोपे नाही. ताण्याचा उभा धागा लुगड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तेव्हा सुती ताण्याच्या एकेका धाग्याला पदराच्या रेशमी ताण्याचा एकेक धागा फासात फास अडकवून जोडावा लागतो. या पद्धतीला 'टोपे तेणी' म्हणतात. असा पदर हवा, तर प्रत्येक लुगड्यासाठी ताणा निराळा लावावा लागतो. एकाच ताण्यावर ओळीने लुगडी काढीत जाण्याची सोय राहत नाही.

या कष्टाचे फळ डोळ्यांना दिसते. अंगाच्या चौकटी सांध्यापाशी एकदम थांबतात आणि पुढे निर्भेळ तांबडे रेशीम सुरू होते. त्यात पांढरे पट्टे. कुठे कंगव्याचे दाते, कुठे कोटाचा तट, कुठे जोंधळ्याचे कणीस. नकली मालात ताणा अखंड असतो; म्हणून अंगाचा रंग पदरात डोकावतो आणि तांबडा मळकट दिसतो. वर जरीचे मोर नाचवले तरी हा दोष झाकत नाही.

या पदरात नावीन्य नाही, तेच तांबडे-पांढरे पट्टे वर्षानुवर्षे येतात, असा आक्षेप घेतात. ओवीचे चरणही ठरलेलेच असतात. म्हणून जात्यावरची कोणती बाई ओवीला कंटाळली? ठरल्या चौकटीत अंगाचा रंग, चौकटींची वीण आणि काठ यांचा मेळ कसा साधला, यात विणकराचे कसब पाहावे.

आक्षेप घ्यायचाच, तर तो आपल्या पारखीवर घ्यावा. हातमागाला राखीव वस्त्रांचे संरक्षण देणारा कायदा १९८५ साली झाला. पण सांधा असलेले आणि नसलेले लुगडे आपण एकाच भावाने मागू लागलो, तर एकेका लुगड्यासाठी ताणा जोडीत बसणाऱ्याला कायदा कुठवर पुरणार? तो सांधणे सोडील, आणि 'इरकली' हे नाव तेवढे दुकानात उरेल.

म्हणून यंदा लुगडे घेताना पदर जरूर पाहा. पण तो जिथून सुरू होतो तिथे क्षणभर थांबा. चौकटीची रेघ तिथे तुटते की पदरात घुसते, एवढे पाहिले तरी पुरे. तुटत असेल, तर चार रुपये जास्त द्यायला कुरकुरू नका.